साक्षीत माझं नाव नव्हतं

३ मार्च, रविवार
धाकट्याने आज चर्चमध्ये उभं राहून बरं झाल्याची साक्ष दिली. मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले होते. म्हटलं, भाऊ नाव घेईल तेव्हा उठून उभं राहावं लागेल. कसलं काय! प्रभूचे आभार. पाळकसाहेबांचे. डॉक्टरांचे, नर्सचे, प्रार्थना करणाऱ्या सगळ्या मंडळीचे. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचेसुद्धा! आणि शेवटी डोळे पुसत — "प्रभूने मला नवी किडनी दिली."

प्रभूने दिली! मग माझ्या कुशीतले टाके कुणाचे?

सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले, सवयीने.

५ मार्च, मंगळवार
लाँड्रीत उभ्याने इस्त्री करताना डावी कूस ओढते. मालकीणबाई म्हणतात, "भावासाठी केलंस ना, देव बघतोय." देव बघतोय, ठाऊक आहे मला. भाऊ कधी बघणार ते सांगा! दोन कॉलरी जाळल्या.

६ मार्च, बुधवार
शेवटी पाळकसाहेबांना गाठलं. म्हणाले, "बाई, देणारा तोच. आपण नुसते हात."

"हात नाही हो, किडनी!"

ते हसले. मला काही हसू आलं नाही. मग हळूच विचारलं त्यांनी, "प्रभूसाठी दिलीत, की भावाच्या शाबासकीसाठी?" उपकारस्तुती करायची असते म्हणे, मागायची नसते. पटलं. पटलं म्हणून राग आणखीच वाढला. खरं सांगायचं तर — दोन्हीसाठी दिली. त्यांच्यापुढे बोलले नाही, इथे लिहिते.

१० मार्च, रविवार
चर्चला गेले नाही. हे एकटेच गेले. दुपारी धाकटा दारात हजर! "ताई, आली नाहीस? बरं नाही का?"

मग सुटलेच मी. ड्रायव्हर आठवतो, सख्खी बहीण आठवत नाही? तो बघतच राहिला. "अगं, तू घरची. घरच्यांचे कसले आभार मानायचे?"

म्हणजे परकी असते तर बरं झालं असतं! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस." गेला बिचारा. कठड्याला धरून जिना उतरत होता. बिचारा कसला! मी हाक मारली नाही.

११ मार्च, सोमवार
फोन नाही त्याचा. मीही करणार नाही.

१४ मार्च, गुरुवार
फोन आला, पण भावजयीचा. परवापासून अंगात ताप होता, आज हॉस्पिटलात नेलं. लघवी बंद. "शरीर किडनी नाकारतंय म्हणतात हो, ताई."

दारात पाऊल टाकू नकोस म्हणाले होते मी. आणि तापात यानेही कळवलं नाही — माझाच भाऊ! प्रार्थनेला बसले तर शब्द येईनात. नुसतं "नको, नको" म्हणत राहिले. काय नको, ते प्रभूला कळलं असेल.

१५ मार्च, शुक्रवार
काचेतून पाहिला. नळ्याच नळ्या. खाटेला लावलेली पिशवी कोरडी. डॉक्टर म्हणाले, औषध बदललंय, उद्यापर्यंत वाट बघू. कालपासून तेही घरी गेलेले नाहीत, नर्स सांगत होती.

आभार गेले चुलीत. शिव्या दे मला, पण ऊठ रे!

१६ मार्च, शनिवार
सकाळी डॉक्टर बाहेर आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. "लघवी सुरू झाली. किडनी वाचली." मी तिथेच फरशीवर गुडघे टेकले. हमसून हमसून रडले — "प्रभू, तुझे उपकार! तूच वाचवलंस, तूच!" डोळे उघडले तर डॉक्टर पाठमोरे, पार जिन्याशी पोचलेले. हाक मारायला तोंड उघडलं. त्यांचं नावच मला माहीत नव्हतं.