सूर्यभानचा दुरुस्त केलेला वाढदिवस

परभणी,
सोमवार, पहाटे सव्वापाच

धाकटे बंधू चि. शंभुराज यास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पेडगावच्या माझ्या शाळेत चाळीस पोरं एका दमात कविता म्हणायला लागली की वरचे पत्रे झणझणायचे. आज पहाटे तोच झणझणाट कानात आला आणि जाग आली. त्यात एक आवाज कायम चार बोटं वर असायचा, तो सूर्यभानचा. लिंबाखाली बसलेली माणसं त्याच्यावरून सांगायची की आता कविता चाललीय, आता गणित. (गणिताला तो आवाज येत नसे.)

तुझी तब्येत, चि. सौ. अनुपमाचे गुडघे आणि नांदेडची थंडी हे सगळं बेताचं असेल असं मी धरून चालतो, कारण तू फोन उचलत नाहीस. इकडे तुझी वहिनी नीलम्मा खुशाल आहे. मीही खुशाल आहे, फक्त माझी खुशाली जरा हलती आहे. हे पत्र दुरेघी वहीच्या पानावर आलं म्हणून दचकू नकोस. कंपवातात अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं, ओळीच्या सुरुवातीला बोर आणि शेवटी खसखस. म्हणून राजेश्रीनं (आमच्या ऑनलाइन गटाचा व्यायाम घेणारी बाई, वय तिशीचं, दरारा माझ्या पहिल्या हेडमास्तरांचा) मला दुरेघीत लिहायला लावलंय. वही घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, नातू पहिलीत का? म्हणालो, नातू कॉलेजात आहे, पहिलीत मी आहे.

आता कारणाकडे येतो. सूर्यभानच्या वाढदिवसाचा व्हिडिओ मी मुद्दाम आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला नव्हता. अंगठा एकदा टेकवायचा होता, तो तीनदा टेकला. त्यानंतर तू फोनवर जे बोललास ते मला पाठ झालंय, कारण चांगलं वाक्य मला एकदा ऐकून पाठ होतं. "अण्णा, येलदरीच्या वीजघरात मशीन थरथरायला लागलं की आमी ते बंद करून झाकून ठेवायचो, गावभर दाखवत न्हवतो हिंडत." वाक्य चांगलं आहे, पण त्यावर तू फोन ठेवून दिलास आणि गोष्ट अर्धी राहिली. ती पुरी ऐकून मग काय झाकायचं ते झाक.

आमच्या गटात सेहेचाळीस माणसं आहेत. परभणीची जास्त, बाकी पूर्णा, चुडावा, जिंतूर, आणि एक बाई थेट नागपूरच्या. रोज सकाळी सातला सगळे मोबाइलसमोर बसतात आणि राजेश्री आमचा आवाज तासते. हा आजार हातापायांपुरता थांबत नाही, घशातही उतरतो, माणूस स्वतःशी बोलल्यासारखा बोलायला लागतो, आणि आपण मोठ्यानंच बोलतोय असं त्याला वाटत राहतं. उपाय एकच, रोज घसा खरवडून ओरडायचं. पहिले दोन महिने आम्ही नुसतं "आ" करत होतो. सेहेचाळीस म्हातारे तोंड वासून आ करतात हे पाहून नीलम्मा म्हणाली, दातांचा दवाखाना उघडला का काय. तेव्हा मी सुचवलं, की आ कशाला, कविता म्हणू. तेव्हापासून वर्ग माझा आहे. (मोबाइलवर कुणाचा आवाज आधी येतो, कुणाचा मागून, त्यामुळे चार ओळींचा पार गोंधळ व्हायचा. राजेश्रीनं सगळ्यांचे आवाज बंद केले. आता ज्याला त्याला वाटतं की अख्खा वर्ग आपल्याबरोबर म्हणतोय. मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण इतकी शिस्त कधी पाहिली नाही.)

या गटात सूर्यभान मला साठ वर्षांनी भेटला. पडद्यावर एक पांढऱ्या मिशांचा माणूस बारीक आवाजात काहीतरी म्हणाला. तीनदा विचारल्यावर त्याच्या सुनेनं, मनिषानं, मोठ्यानं सांगितलं, "गुरुजी, ते म्हनायलेत, म्या तुमचा सूर्यभान." तो चार बोटं वर असणारा आवाज आता सुनेच्या तोंडून ऐकावा लागत होता. मी त्या दिवशी जेवलो नाही. (नीलम्मा म्हणते दोनदा जेवलो. तिचं लक्ष माझ्या ताटातच असतं.)

मग आला एक जून. राजेश्रीनं सगळ्यांच्या जन्मतारखांची यादी केली, तर सेहेचाळीसपैकी एकोणीस जण एक जूनचे. ती पुण्याकडची. मला बिचारी हळूच विचारते, "सर, त्या दिवशी इकडे काही विशेष असायचं का?" तिला सांगितलं, की बाई, ही जन्माची तारीख नव्हे, दाखल्याची आहे. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं सहा वर्षांचं भरायला हवं. मग मास्तर टाक उचलून एक जून टाकायचा आणि पोरगं जन्माला यायचं. त्या एकोणिसांतल्या चौघांचा जन्म माझ्या अक्षरातला आहे. हे मी जरा अभिमानानं सांगितलं, तिथं चुकलं.

कारण दुपारी एकोणीस केकांच्या चित्रांखाली सूर्यभानचा निरोप आला, मनिषानं टाइप केलेला. "हा वाढदिवस माझा न्हाई. गुरुजीनं दिलेला हाय. आवाज बी गेला. आता मला ऐकायलंय कोन. नाव काढून टाका." राजेश्रीनं नाव काढलं नाही, पण तो यायचा बंद झाला. ती मला म्हणाली, की जो बोलायचं सोडतो त्याचा आवाज परत आणणं फार कठीण जातं, आणि फार दिवस गेले तर येतही नाही. सहा महिने गेले, शंभू. मी रोज हजेरीला त्याचं नाव घेत होतो आणि रोज पुढचं नाव घेत होतो.

परवाच्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, नीलम्मानं भज्जी आणि आंबिल केलं. मी आंबिलाचा पहिला घोट घेतला आणि मला सूर्यभानची आई आठवली. सुलाबाई. पोराला शाळेत घालायला खुरपं हातात घेऊनच आली होती. मी विचारलं, जन्म कधीचा? ती म्हणाली, "येळवशीच्या तिसऱ्या दिशी झालाय बगा, मालकाच्या रानात हुरडा चालू व्हता." इतकं नेमकं तर आपल्या आईनंही माझ्याबद्दल सांगितलं नसेल. आणि मी मान डोलावून, टाक बुडवून, एक जून लिहिलं.

आंबिल तसंच ठेवून मी गटावर कळवलं, की सूर्यभानच्या जन्मतारखेत दुरुस्ती आहे, वाढदिवस परवा, केक नाही, ज्याला मिळेल त्यानं हुरडा घेऊन बसायचं. राजेश्रीनं लगेच लिहिलं, की या आजारात दाणा घशात अडकतो, हुरडा फक्त फोटोपुरता. सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि एकानंही ऐकलं नाही.

तो सोहळा तू व्हिडिओत पाहिलास, पण सुरुवातीपासून पाहिलास की मधूनच, ते माहीत नाही. सेहेचाळीस थरथरत्या मुठींत हुरडा दिल्यावर जे होतं तेच झालं. प्रत्येक चौकोनात हिरवे दाणे उडत होते, नागपूरच्या बाईंच्या चष्म्यात अडकले होते. सूर्यभानला मनिषानं जबरदस्तीनं बसवलं होतं, आणि राजेश्रीनं माझ्याखेरीज एकट्या त्याचाच आवाज चालू ठेवला होता. त्यानं मोबाइल असा धरला होता, की आम्हाला फक्त आढं आणि अर्धी मिशी दिसत होती. मी हजेरी घेतली. त्याचं नाव घेतलं. गप्प. मग उभा राहून वाचलं, की इयत्ता पहिली, सूर्यभान, आईचे नाव सुलाबाई, जन्म येळवशीचा तिसरा दिवस, आधीची नोंद मास्तरच्या चुकीने, सबब माफी असावी. आढं जरा हललं, तेवढंच.

मग माझ्याजवळ कवितेशिवाय काही उरलं नाही. आता तुला एक सांगतो जे साठ वर्षांत कुणाला सांगितलं नाही. त्या वर्गाला मी जी कविता सगळ्यात जास्त घोकायला लावली ती पुस्तकातली नव्हती. माझी होती. मी वीस वर्षांचा होतो आणि छापणारं कुणी भेटत नव्हतं. एकदा तपासणीला आलेल्या डिप्टीसाहेबांनी पान विचारलं, तर मी सांगितलं, जुन्या आवृत्तीत आहे. त्यांनी सूर्यभानला उभं केलं, त्यानं पत्रे हलवले, साहेबांनी त्याला पेन्सिल दिली आणि आवृत्तीचा विषय निघाला नाही.

तीच मी म्हणायला लागलो. "गाडी म्हणते, मीच चालते, चाक म्हणे, मी फिरतो फार." आणि पुढची ओळ गेली. गेली म्हणजे गेलीच. पुन्हा गाडी, पुन्हा चाक, तिसऱ्यांदा गाडी. सेहेचाळीस माणसं माझ्याकडे बघतायत आणि माझी स्वतःची कविता, जी जगात कुठंही छापलेली नाही, माझ्याजवळ अर्धीच उरलेली. राजेश्री काहीतरी बोलणार, तेवढ्यात आढ्याच्या जागी आख्खा सूर्यभान आला.

"बैल, गुरुजी. बैल इसरलात."

आणि मग त्यानं म्हटली, पहिल्यापासून, उभं राहून:

गाडी म्हणते, मीच चालते,
चाक म्हणे, मी फिरतो फार;
बैल बिचारे मुकाट जाती,
मानेवरती ज्यांच्या भार.

तिकडे पेडगावात त्याच्यापासून दोन घरं सोडून कुत्री भुंकायला लागली, ती आम्हाला ऐकू आली. राजेश्रीच्या आवाज मोजायच्या यंत्राचा काटा कुठं गेला तो तिनं अजून सांगितलेला नाही, कारण ती रडत होती. मनिषा ओवाळायला आली. सूर्यभानची मान हलत होती, तिला दिवा नीट फिरवता येईना. तर हा म्हणतो, "तू ताट गुमान धर गं माय. फिरायचं काम मी करतो." सेहेचाळीस माणसं हसली, आणि आवाज बंद असल्यामुळे नुसती तोंडं दिसली. आठवड्यापासून तो रोज सातला येतोय, आणि कविता आता तोच सांगतो. मी मागून म्हणतो.

तर शंभू, असं आमचं थरथरणारं मशीन. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुठला पुरस्कार मिळाला नाही. हा व्हिडिओ चुकून टाकला याचं आता वाईट वाटतंय. मुद्दाम टाकायला हवा होता.

चि. अनुपमास आशीर्वाद. कळावे.
तुझा अण्णा,
महालिंग

ता. क. गटातल्या सगळ्यांची समजूत अशी, की सूर्यभानला बोलतं करायला गुरुजींनी ओळ मुद्दाम विसरल्यासारखं केलं. राजेश्री तर हे नव्या लोकांना समजावून सांगते. मी अजून कुणाची समजूत दुरुस्त केलेली नाही. तूही करू नकोस.

ता. क. दुसरा. इतकं लांब लिहिलं ते खरं यासाठी. माझ्या नातीच्या, ईश्वरीच्या लग्नात तुझा डावा हात सबंध वेळ खिशात होता. अक्षतासुद्धा तू एका हातानं टाकल्यास. आहेराच्या पाकिटावरची तुझी सही भिंगातून वाचावी लागली. मी डॉक्टर नाही, माझं चुकत असेल तर चुकू दे, याच्या आधीही मी चुकीच्या नोंदी केल्या आहेत. पण एकदा दाखवून घे. माझ्यावर ओरडलास ते मला लागलं नाही. तू इतकं मोठ्यानं बोलू शकतोस हे ऐकून बरंच वाटलं. अनुपमाला माहीत नसेल तर आधी तिला सांग.

ता. क. तिसरा. पावणेसात झालेत, वर्गाची वेळ होत आली. पाकीट शोधत होतो तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून उठलो नाही. नीलम्मा दारात म्हणतेय, "अगं बाई, भाऊजी? तुमी? फोन तरी करायचा, आणि अनुपमाला बी घेऊन आलाव." आणि तू चपला काढता काढता, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात तिला विचारायलास, "वैनी, अण्णाची शाळा सातलाच भरते ना?"