कापलेली दोरी आणि सुमेधाचा शब्द

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी सव्वाआठला, लिफ्टच्या दारात, सुमेधाने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. तिथून सगळं बदललं. इतकी वर्षं मी नुसता 'बी विंगवाला' होतो.
"संग्राम, सोसायटीच्या ग्रुपवर वाचलंस? बाबांनी टाकलंय, कल्प्रिटने स्वतःहून पुढे यावं. 'कल्प्रिट' हा शब्द आला कुठून, माहितीये?"
एस.वाय.ला कॉलेज सोडलेला माणूस मी. म्हटलं, "कमिटीतून."
हसली! कामावर, सातिवलीच्या कारखान्यात, दिवसभर खोके उलटे चिकटवले.

१५ ऑक्टोबर
लिहूनच टाकतो. रविवारी गेटवरच्या कंदिलाची दोरी मी कापली.
आठवडाभर खपून मी कामट्यांचा कंदील केला. सेक्रेटरी हरेशकाका — सुमेधाचे बाबा — म्हणाले, "हा तू घरी लाव. गेटसाठी आणलाय आम्ही." प्लॅस्टिकचा आणलेला. डोकं फिरलं, कात्री हातात होतीच. खाली पडून तीन तुकडे झाले. वॉचमन शत्रुघ्नकाका तेव्हा पंपाकडे गेलेले.
बोललो तर सुमेधाचा विषयच संपला. म्हणून गप्प.

संध्याकाळी
तीच जिन्यात थांबली. लॉला आहे ना, सुरूच झाली. लॅटिनमध्ये कुल्पा म्हणजे दोष. त्यावरून फ्रेंच कुल्पाब्ल, दोषी. प्रेस्त म्हणजे तयार. जुन्या इंग्रजी कोर्टात फ्रेंच चालायचं. आरोपी म्हणायचा, मी निर्दोष. सरकारी बाजू म्हणायची, दोषी, आणि आम्ही सिद्ध करायला तयार. कारकून दोन्ही शब्द तोडून लिहायचे, कल, प्रित. पुढच्यांनी ते जोडून आरोपीलाच चिकटवले, असं म्हणतात.
"म्हणजे तयार असायचं दुसऱ्याने, आणि नाव याला?"
"बघ की. डोकं आहे तुला."
डोकं आहे मला!

१६ ऑक्टोबर
हरेशकाका गेटवर सगळ्यांसमोर शत्रुघ्नकाकांकडे बोट दाखवून म्हणाले, "झोपला असणार हा. उद्यापासून नवा माणूस."
शत्रुघ्नकाका मला म्हणाले, "पानी बंद करायला गेलतो रे. कोन ऐकतंय? तुझा कंदील मात्र झ्याक होता."
जेवण गेलं नाही.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
ठरलं. हरेशकाकांना सांगतो. कंदील सोबत घेतलाय.
आत्ताच सुमेधाचा मेसेज — "रविवारी मी बाल्कनीत होते. सगळं पाहिलंय. पाच दिवस तू बोलायची वाट बघतेय. मी तयार आहे, तू?"
मीही. निघालो. दार ओढून घेतो.