कोपऱ्यातलं 'पाहून'

सर, तुमचं तळ्याचं चित्र आज मी नऊ हजाराला विकलं. म्हणजे चित्र नाही, त्याची कॅनव्हासवरची प्रिंट. मूळ चित्र तुम्ही गेल्यापासून तुमच्या मुलीकडेच आहे, तिनंच मला त्याचा फोटो काढू दिला. "विका खुशाल, पण प्रिंट हाये म्हणून सांगत जा," एवढंच ती म्हणाली होती. लोणारात माझं दुकान आहे आता, फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि अशी चित्रं. प्रिंट निघाली की तिच्यावर मी ब्रशनं पारदर्शक जेल फिरवतो. वाळल्यावर हात लावला तर रंगाचेच फटकारे वाटतात. शाई महागाची, चौकट सागवानी, मेहनत माझी. प्रिंट म्हणून नऊ हजार सांगायला मला लाज वाटली नसती. पण प्रिंट म्हणून इथे एवढे देणार कोण?

मागच्या आठवड्यात बीबी गावाहून एक बाई आल्या, निवृत्त नर्स, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. चित्रातली तुमची सही पाहून थबकल्या. "शाळेत मले हेच सर होते. पोरीनं नवं घर बांधलं, तिथं त्यायच्या हातचं काही पाहिजे." मग चित्रातल्या देवळाच्या कळसावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हातानं काढेल हाये ना हे?" मी हो म्हणालो. तुम्ही तर ते हातानंच काढलं होतं, अशी मनाची समजूत घातली. त्यांचं बोट मात्र माझ्या जेलवर होतं. "सरायचा हात लागते अजून," त्या म्हणाल्या आणि मी घाईनं बिलबुक काढलं.

आठवडाभर चोराच्या मनात चांदणं. सातवीचा वर्ग आठवत राहिला. मी कॅलेंडरवरचा मोर उतरवून आणलाय आणि मनानं काढला म्हणून ठोकून दिलंय. तुम्ही वही घेता, बराच वेळ पाहता. "पाहून काढनं चोरी नाही बे. न सांगनं चोरी हाये. कोपऱ्यात लिही, पाहून." माझा हात हलत नाही, म्हणून शेवटी तुम्हीच लिहिता, उकाराची शेपटी लांब ओढून. वही परत देताना म्हणालात, "मोर चांगला उतरला." तेवढंच मी घरी सांगितलं.

आज बाई चित्र न्यायला येणार होत्या. सकाळी दुकान उघडल्याबरोबर बारीक ब्रश घेतला आणि कॅनव्हासच्या कोपऱ्यात 'पाहून' लिहिलं. वाटलं, त्या विचारतील, मग सगळं सांगून टाकू. नाही घेतलं तर नाही घेतलं. त्यांनी विचारलंही, "हे काय लिव्हेल हाये?" तोंड उघडलं होतं मी, सर. पण शेजारी त्यांची मुलगी उभी होती आणि बाई इतक्या आनंदात होत्या. मी म्हणालो, "सर असंच लिहायचे." बाईंनी त्या शब्दावर बोट टेकवलं. डोळे भरून आले त्यांचे. "हाव, सरायचंच अक्षर."

हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं. त्यांचा पत्ता बिलावर आहे. पण तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही उलटून काही विचारणार नाही. लिहून झालं की खणात टाकून देईन. एक मात्र सांगतो, अक्षराच्या बाबतीत बाईंची काही चूक नव्हती. शेपटी मी हुबेहूब तुमच्यासारखी ओढली होती.