गेटावरचा कागद

मिऱ्या, रत्नागिरी
९ जून २०२१

चि. संदेश यास आजीचा आशीर्वाद.

आजी म्हणजे कोण ते आठवत नसेल, म्हणून सांगते. जिच्या डब्यातले काजूगर तू चोरायचास आणि नाव मांजराचं घ्यायचास, ती. पंधरा दिवसांत फोन केलेस ते सगळे बायकोला. असो. फणस पिकलाय, खायला कोणी नाही. तुझी तेजू आता बरी. कालपासून पेजेत मीठ कमी म्हणते, म्हणजे जिभेला चव आली आणि आजेसासूला नावं ठेवायची ताकदही.

पत्र तीच लिहून घेते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्ये बोलतोस.

"कोळंबीच्या कंपनीने माझ्या बायकोला तापात सोलायला बसवलं," असा तक्रारीचा अर्ज तू लिहून ठेवलायस म्हणे. तो धाडू नको. आधी ऐक.

तेजूला दम लागला तेव्हा गाडी कंपनीने पाठवली, इस्पितळातली खाटही कंपनीनेच मिळवली. तिच्याबरोबरच्या बायका तपासल्या. चौघींना कोरोना निघाला, त्यांना लॉजवर ठेवलं, पगार चालू. आणि मला रोज दुपारी वेदिका मॅडमचा फोन. घरच्यांची विचारपूस करायला कंपनीने नेमलेली बाई. "आजी, जेवलात का? झोप लागते का? भीती वाटते का?" अरे, पाच बाळंतपणं झाली माझी, भीती वाटते का म्हणून कोणी विचारलं नव्हतं. आणि मी कंपनीची कोण?

चौथ्या दिवशी तिला सांगून टाकलं. आता तुला सांगते.

(इथे तेजूने पेन थांबवलंय. "आजी, राहू दे," म्हणते. लिही गो.)

ताप आला तेव्हा तेजू म्हणालीच होती, "गेटावर कागद लावलाय. ताप असला तर घरी राहा, पगार कापणार नाही." मी म्हटलं, "कागदाला काय, तो काहीही बोलतो." तिच्या वयाची असताना मीही कोळंबी सोलायला जायचे. एक दिवस तापाने पडले, दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरी बसलेली. म्हणून मीच तेजूच्या कपाळाला ओलं फडकं बांधलं आणि गेटाजवळ सोडायला सांगितलं. तिथे कपाळावर बंदूक धरून ताप बघतात ना, त्या बंदुकीला फसवायला. दोन दिवस फसली. मी खूश. तिसऱ्या दिवशी पोरीला श्वास घेता येईना.

हे सगळं वेदिका मॅडमला सांगितलं. म्हटलं, गेली तेजूची नोकरी. तर म्हणते, "आजी, तुमची भीती आम्हाला आधी कळायला हवी होती." आता गेटावर भोंगा लावलाय. ताप असेल तर सांगा, जागा जाणार नाही, असं रोज सकाळी मोठ्याने सांगतात, वाचता न येणाऱ्यांसाठी. मी रिक्षा करून ऐकून आले. दोनदा.

तेव्हा अर्ज करायचाच तर माझ्याविरुद्ध कर. तेजू सोमवारपासून कामावर जाईल. तिची जागा मोकळी ठेवलीय. मी विचारून घेतलं.

आणखी एक. तेजूच्या शेजारी बसणारी अजरा अजून लॉजवर खोकते आहे. ते माझ्या फडक्याचं. मी फोन केला तर म्हणाली, "आजी, इथून समुद्र दिसतो, बरं वाटतं." तिला माहीमचा हलवा आवडतो, पिवळा, पातळ वड्यांचा. तो तिथून पाठव. चव लागत नाही म्हणते, तरी पाठव. चव येईपर्यंत पाठवत राहा.

अक्षर तेजूचं, अंगठा माझा.
तुझी आजी