घमेलं कोणी धरलं होतं

माय, आता मी तुझ्याहून दुप्पट म्हातारी झाली आहे. तू समोर आली तर कोणी कोणाच्या पाया पडायचं, हाच मोठा प्रश्न होईल. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी बोलून राहिली आणि माझी नात लिहून राहिली. पांढुर्ण्याला कॉलेजात जाते. मी "मले" म्हटलं की ती "मला" लिहिते. म्हणते, आजी, कागदावर बरं दिसत नाही. असू दे. तिचं तिनं लिहावं, तू माझं ऐक.

मला तुझी आठवण येते ती कापसाच्या वावरातली. वेचता वेचता कमरेची ओटी फुगली की तू पोटावर हात ठेवून पाय फाकवत चालायची, आणि साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची, "धरा वं मले कोणी, दिवस भरले माहे!" बाया हसून हसून खाली बसायच्या. मीही हसायची, काही कळत नसताना. माझा टवाळपणा तुझाच आहे, माय. घरचे मला नावं ठेवतात तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवते.

मग खरंच दिवस भरले, धाकटी झाली, आणि तू कुठं गेली कोणास ठाऊक. म्हणजे होती घरातच, चुलीपुढं. तव्यावर भाकर काळी पडून राहिली आहे आणि तू तिच्याकडे पाहून राहिली. पोरगी रडून निळी होते, तू उठत नाहीस. मी तुला हलवते, तू माझ्याकडे पाहतेस, जशी मी शेजारची आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची. बाहेरचं लागलं, असं सगळे म्हणाले. आत्यानं दार लावलं, घमेल्यात निखारे घेतले, वर मूठभर लाल मिरच्या टाकल्या आणि ते घमेलं तुझ्या तोंडाशी धरलं. मी आजवर सगळ्यांना हे असंच सांगत आली. पुढच्या पावसाळ्यात तुला ताप आला, तो निमित्ताला पुरला. तुझं ते हसणं मला पुन्हा ऐकायला मिळालं नाही. अजूनही कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या की माझे पाय बांधावर थांबतात.

आता यंदाचं सांगते. माझ्या धाकट्या सुनेला चार महिन्यांआधी दुसरी मुलगी झाली. वरुडकडची पोर, गुणाची, बडबडी. ती गप्प झाली. गॅसवर दूध उतू जाऊन राहिलं आहे आणि ती उभी राहून पाहून राहिली. आणि मी, तुझी मुलगी, जिनं जळती भाकर पाहिली होती, मी तिला काय म्हणाली? "नाटकं पुरे कर. आम्हाले का लेकरं झाली नाहीत?" असं म्हणाली, माय. एकदा नाही.

त्यातच शाळेत कॅम्प लागला. गावातल्या बाया तोंडावर पदर घेऊन फाटकासमोरून भरभर निघून जात होत्या. मला वाटलं, बीपीचा कॅम्प असेल, आपण तपासून घ्यावं. आत गेली तर सारं रिकामं. छिंदवाड्याहून आलेली एक जवान ताई एकटीच टेबलाशी बसलेली. मला पाहून तिचा चेहरा असा उजळला, की वाटलं माहेरची कोणी आली. तिनं छापलेला कागद काढला आणि हिंदीत विचारायला लागली.

"अम्मा, काम में मन लगता है?"

आता मला काय झालं आहे? खाते, झोपते, भांडते. पण माय, तो प्रश्न तुझाच होता. मी म्हटलं, "नहीं लगता." "भूख लगती है?" "नहीं. तवे पे रोटी जल जाती, बैठे बैठे देखती." "बच्चों पर प्यार आता है?" मी म्हटलं, "आता होगा. उठ नहीं सकती." ती भराभर लिहून राहिली. मग म्हणाली, "कब से, अम्मा?"

"मैं नौ साल की थी तब से."

तिचा पेन थांबला. "ये आपका नहीं है?"

"मेरी माँ का है. वो तो मर गई."

मला वाटलं रागावेल. रागावली नाही. म्हणाली, बाळंतपणानंतर असं होतं, हे दुखणं आहे, औषध आहे, बोलणं आहे, बाई बरी होते. ऐकलंस? तुझ्या दुखण्याचे कागद छापलेले निघाले, माय. मग विचारलं, घरात अजून कोणी? मी म्हटलं, आहे. पण पहिले तो फाटकावरचा बोर्ड काढ. तिच्या बोलण्यातून तोवर कळलं होतं, की त्यावर मानसिक रोगाचं काही लिहिलं आहे आणि साऱ्या गावात न वाचता आत शिरलेली मी एकटीच. "ऐसे बोर्ड के नीचे कौन बैठेगी? संत्रे के ढेर पे आ."

आली, पुढच्या मंगळवारी. मोहगावच्या रस्त्यावर शेडमध्ये आम्ही बाया ढिगाभोवती बसून संत्री निवडतो, मोठी इकडं, बारकी तिकडं. हात कामात असले, नजर फळावर असली, की तोंड आपोआप उघडतं. ताई आमच्यात मांडी घालून बसली. बारकी संत्री मोठ्यांत टाकत होती, कोणी तिला बोललं नाही. सुनेला मी सोबत नेलं होतं. तिला हिंदी थोडी समजते, पण मनातलं हिंदीत निघत नाही. म्हणून मधात मी.

बराच वेळ ती नुसती संत्री फिरवत राहिली. मग खालीच पाहत म्हणाली, "मले काहीच वाटत नाही. पोरगी कोणाची तरी आहे असं वाटते. आन् सासू म्हणते, नाटक करतं."

सगळ्या बायांचे हात थांबले. मी ताईला सांगितलं, "बोलती, कुछ महसूस नहीं होता. बच्ची पराई लगती है. और घर के लोग बोलते, नाटक करती."

सून बाळंतपणानंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून बोलली.

"लोग नहीं," ती म्हणाली. "सास."

कोणीतरी फिसकन हसलं. मला पळून जावं वाटलं. म्हटलं, "हौ. सास. मैं." ताईनं पेन उचलला नाही. सुनेला मात्र रडू फुटलं आणि मी तिच्या मांडीवरची संत्री बाजूला केली.

आता दर पंधरवड्याला ती सौसरला जाते, मी पोरीला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसते. अजून हसत नाही. पण परवा दूध उतू चाललं तर धावली.

माय, घमेलं आत्यानं नव्हतं धरलं. निखारे तिनं भरले, पण धरलं मी. तू खोकत होती, आणि खोकता खोकता म्हणाली, "बाई, डोळे झोंबत असतीन तुहे, ठेव खाली." मी ठेवलं नाही.

नात लिहायची थांबली आहे. लिही म्हटलं, आहे तसंच लिही. लिहून राहिली आता. हा कागद कुठं पाठवायचा नाही, माझ्या लुगड्यांच्या घडीत राहील. तिनं खरंच तसं लिहिलं, की माझ्यावरच्या मायेपोटी घमेलं पुन्हा आत्याच्या हातात दिलं, मला काही समजायचं नाही. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेईन असं तिला धमकावलं आहे. पण घेणार नाही.