बसवलेली सवाष्ण

जबलपूर
गुरुवार, दुपार

प्रिय चिन्मयी,

पाकीट पाहून घाबरू नकोस. बाबा बरे आहेत, त्यांचं ब्लडप्रेशरही शहाण्यासारखं वागतंय. फोनवर आपल्या दोघींचं बोलणं 'बरी आहेस ना' आणि 'देते हं बाबांना' यापुढे कधी सरकलं नाही. त्यात तुझा दोष नाही, माझाही नाही. पण जे सांगायचंय ते त्या दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून कागद घेतला. मी पूर्णिमा. तुझ्या बाबांची दुसरी बायको, जिला तू नाइलाजानं मावशी म्हणतेस. स्वतःची ओळख अशी करून द्यायची वेळ का आली, ते पत्र वाचताना तुला कळेलच.

गल्लीच्या टोकाची बावडी तुला मी काय सांगावी! मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्यावर लोखंडी जाळी बसलेली होती. शरयूताई, तुझी आई, तिच्या पायऱ्यांवरून पाय घसरून गेल्या, त्यानंतर ती बसवली म्हणे. मी जाळीवर साचलेली पिंपळाची पानं तेवढी पाहिली, आतलं पाणी कधी पाहिलं नाही. यंदा वैशाखात सगळ्यांचे बोअर आटले आणि गल्लीत भांडण पेटलं. निम्मे म्हणत, बावडी उपसा, पाणी घ्या. निम्मे म्हणत, मुरूम टाकून बुजवा आणि वर गाड्या लावा. बुजवणाऱ्यांत तुझे बाबा सगळ्यात पुढे. ते दुसरं काहीच बोलत नाहीत, नुसतं 'बुजवा' म्हणतात आणि त्या बाजूची खिडकी लावून घेतात. समोरच्या बेबीताई उपसायच्या बाजूनं. झालं, आमचं कढी-भाजीच्या वाटीचं देणंघेणंसुद्धा बंद पडलं.

तेवढ्यात अनुपम आला, गल्लीतल्या वडीलधाऱ्या विष्णुपंतांचा नातू. तो भोपाळला कुठल्याशा संस्थेत असतो. गावोगावच्या लोकांना बसवून त्यांचे प्रश्न त्यांच्याकडूनच सोडवून घ्यायचे, असं काहीतरी त्यांचं काम आहे. नागरिक सभा म्हणतात त्याला. निवडणूक नाही, पुढारी नाही. नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघतील ती डझनभर माणसं बसवायची, त्यांनी जाणकारांचं ऐकायचं, आपसांत बोलायचं आणि सगळ्यांच्या वतीनं ठरवायचं. आधी आपल्याच गल्लीत करून बघू म्हणाला. पोरगं हुशार, पण कालनिर्णय बघायची अक्कल नाही. त्यानं चिठ्ठ्या काढायला निवडला तो रविवार नेमका पितृपंधरवड्यातला. बेबीताई दत्तमंदिराच्या मंडपाच्या दारातच अडल्या. "काहून करून राहिला रे बाप्पा हे आत्ता? पितर दारात उभे असतेत या दिवसात." अनुपम हसला. म्हणाला, "काकू, पितरों को वोटिंग नहीं करनी है." मंडपात सगळेच हसले, मीही हसले.

चिठ्ठ्या ज्यानं त्यानं आपापल्या घरात लिहायच्या होत्या, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एक. आपल्या घरच्या बाबांनी लिहिल्या. मी स्वयंपाकघरात होते, नंतर घड्या घातलेल्या चिठ्ठ्या नेऊन दत्तापुढच्या घागरीत टाकल्या तेवढं माझं काम. विष्णुपंतांनी डोळे मिटून एकेक चिठ्ठी काढली. पाचवी की सहावी उघडली आणि वाचायचे थांबले. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, मग वाचलं : सौ. शरयू देवदत्त.

बाबा म्हणाले, हात चुकला. चुकला असेल. चिठ्ठ्या तीनच लिहिल्या, हेही तेच म्हणाले. स्वतःची, शरयूताईंची आणि इथे नसलीस तरी तुझी. माझी लिहिलीच नव्हती. चिन्मयी, त्या क्षणी मला भीतीबिती काही वाटली नाही. वाईट वाटलं, आणि भरमंडपात ते तोंडावर दिसू नये म्हणून मी उगाच समईची वात सारत बसले.

अनुपम ती चिठ्ठी बाजूला ठेवून दुसरी काढायला निघाला होता. विष्णुपंतांनी त्याचा हात धरला. देवापुढे निघालेली चिठ्ठी परत टाकायची नसते, म्हणाले. आणि त्यांनीच तोड काढली. अविधवा नवमीला आपण काय करतो? अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण बसवतो, तीच आली असं समजून तिला जेवायला वाढतो. तशीच इथेही शरयूच्या नावानं एखादी सवाष्ण बसवा, सभा होईपर्यंत. एरवी सवाष्ण म्हणून जेवायला उड्या पडतात. त्या दिवशी मात्र एकीचा गुडघा धरला, एकीच्या नातवाची परीक्षा निघाली. शेवटी सगळ्यांचे डोळे माझ्या गळ्याकडे वळले. तुला ठाऊक आहे, मी मंगळसूत्रात शरयूताईंच्या नावाचा चांदीचा टाक घालते, दुसरेपणावर दिलेल्या बायका घालतात तसा. लग्नात विष्णुपंतांनीच आग्रह धरला होता, पहिलीचा मान पहिलीला. बेबीताई हळूच बोलल्या, "टाक तं तुमच्याच गळ्यात हाय न." सवतीच्या जागी सवतीनंच बसायचं, असं कुठल्या पोथीत आहे मला माहीत नाही. पण माझ्या नावाची चिठ्ठीच नव्हती. म्हटलं चला, निदान अशी तरी सभेत बसेन. बेबीताईंनी माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीभोवती रांगोळी काढली आणि मी बसले.

पहिली बैठक नवरात्राच्या आधी झाली, सकाळच्या चांगल्या लख्ख उन्हात. अनुपमनं म्हाताऱ्यांना ऐकू यावं म्हणून माईक आणला होता. ज्याच्या हातात माईक, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. आपल्या गल्लीला हा नियम म्हणजे उपासच! पण पाळला लोकांनी. त्या दिवशी बावडीत उतरून बघायला अंबादास गवंडी आला होता. माईक माझ्याकडे आला तेव्हा मी म्हणणार होते की मला यातलं काही कळत नाही. तोंड उघडलं आणि समोरच्या खांबावरच्या भोंग्यातून ऐकू आलं, "भिंतीवरचा हात काढू नका. वळणावरची पायरी हलते." आवाज माझाच होता. पण वाक्य संपल्यावर मला कळलं की मी बोलले. जाळीच्या आत वळण आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं ग.

अंबादास कमरेला दोर बांधून उतरला. वर आला तेव्हा घामेजला होता. सरळ माझ्यापाशी आला. "वहिनी, तुम्ही कधी उतरल्या होत्या आत? पायरी तं दातासारखी हलून राहिली." मी म्हटलं, यांनी सांगितलं असेल कधीतरी. बाबा मंडपाच्या कठड्याशी उभे होते. त्यांनी मान हलवली. नाही, म्हणून.

त्यानंतर गल्ली माझ्याशी वेगळं वागायला लागली. सभेपुरतं नाव होतं, ते सभेबाहेर आलं. भाजीच्या गाडीवर विष्णुपंतांच्या सूनबाई मला शरयूवहिनी म्हणून गेल्या आणि जीभही चावली नाही. बेबीताईंनी, ज्यांनी वैशाखापासून माझ्याशी अबोला धरला होता, वाटीभर कढी आणून दिली आणि माझ्या हाताला हात लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. पुढच्या बैठकांत पाण्याचे एक जाणकार आले, महापालिकेतून निवृत्त झालेले इंजिनियर आले. सभेतली माणसं त्यांचं ऐकत, चांगले प्रश्न विचारत. खरं सांगते, इतकी शहाणी माणसं आपल्या गल्लीत राहतात हे मला ठाऊकच नव्हतं. पण प्रत्येक जण बोलून झालं की माझ्या खुर्चीकडे बघायचा, घरातल्या मोठ्या माणसाची परवानगी घेतात तसा. अनुपमलाही ते दिसत होतं. त्यानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, तुम्हाला बरं वाटत नसेल तर आपण खुर्ची रिकामी ठेवू." मी नको म्हटलं. नको कोणी म्हटलं, ते मात्र मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

घरातही काही धड नव्हतं. एक दिवस बाबा जेवता जेवता थांबले आणि आमटीची वाटी नाकाशी नेली. फोडणीत मेथी होती. मी मेथी घालत नाही, मला तिचा वासच सोसत नाही. पण फोडणी तर मीच केली होती. त्यांनी ती आमटी दोनदा वाढून घेतली, वाटी निपटून खाल्ली. मला इतका राग आला, चिन्मयी! एवढ्या वर्षांच्या संसारात माझी आमटी त्यांनी कधी दुसऱ्यांदा मागितली नव्हती. राग ओसरल्यावर मात्र मी माझ्याच बोटांचा वास घेऊन पाहिला. त्या दिवसापासून ते माझ्याकडे नीट बघत नाहीत. म्हणजे बघतात, पण कुणीतरी माझ्या मागे उभं असल्यासारखं बघतात.

शेवटची बैठक दसऱ्यानंतरच्या रविवारी झाली. त्या दिवशी निकाल लागायचा होता, बावडी बुजवायची की उपसायची. हात वर करण्याआधी प्रत्येकानं एकदा शेवटचं बोलायचं, असं अनुपमनं ठरवलं होतं. मी मनाशी पक्कं केलं होतं की बाबांच्या बाजूनं बोलायचं. ज्या माणसाला ती खिडकी उघडता येत नाही, त्याच्या बायकोनं आणखी काय करावं? माईक हातात आला. आता मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मंडपातल्या सगळ्यांनी ऐकलंय, त्यामुळे यात माझ्या पदरचा शब्द नाही. "चिनू झोपली नव्हती. मी खालून हाक मारली ती तिनं ऐकली. ती आली नाही तेच बरं झालं. पायरी सुटली होती. ती आली असती तर दोघी गेलो असतो. तिला सांगा, मी रागावले नाहीये."

मी तुला कधी चिनू म्हटलं नाही. तेवढी सलगी तू दिली नाहीस, आणि तुला घरात तसं कोणी म्हणत होतं हेही मला माहीत नव्हतं. बाबा कठड्याशी होते ते बावडीकडे तोंड करून उभे राहिले. भोंगा थोडा वेळ नुसताच घुंई करत राहिला, मग अनुपमनं येऊन माझ्या हातातून माईक काढून घेतला. हात वर झाले ते सगळे उपसायच्या बाजूनं. बाबा सभेत नव्हते, त्यांचा हात मोजला जाणार नव्हता, तरी त्यांनी तो वर केला. काल त्यांनी स्वतः अंबादासला जाऊन सांगितलं की पाणी नंतर, आधी ती पायरी बसव. आज सकाळी खिडकीही उघडली आहे.

तर सभा पार पडली. अनुपम खूश आहे, आता बरगीकडच्या एका खेड्यात असंच करायचं म्हणतोय. आणि मी इथे हे पत्र लिहितेय. ते खरं की खोटं, हे मी तुला विचारत नाही. त्या दुपारी तू वरच्या खोलीत झोपली होतीस असं सगळे सांगतात, तूही तेच सांगितलंस, आणि ती दुपार तुझी आहे. पण निरोप तुझ्या नावाचा होता, तो माझ्यापाशी ठेवून मला झोप लागली नसती. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही, भीती वाटते. नवमीच्या सवाष्णीला जेवण झाल्यावर कुंकू लावतात, तिची ओटी भरतात आणि 'या आता' म्हणून पाटावरून उठवतात. निकालाच्या गडबडीत मला कोणी उठवलंच नाही. खुर्च्या उचलल्या, रांगोळी पुसली, मी घरी आले. पण ती गेली नाही. भर दुपारी मी कणिक मळत असते आणि भानावर येते तेव्हा बावडीच्या जाळीशी उभी असते, पिठाच्या हातांनी. काल तिथे उभी राहून मी कुणाला तरी हाका मारत होते, असं बेबीताई सांगतात. कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही. ओटी भरता का विचारलं तर दोन पावलं मागे सरल्या. म्हणाल्या, बसवलेली बाई ज्या घरची, त्या घरच्या लेकी-सुनेनंच तिला उठवायचं. आपल्या घरात माझ्याशिवाय बाई म्हणजे तूच. म्हणून ये, चिन्मयी. पुढच्या महिन्यात नाही, सुट्टी मिळाल्यावर नाही, हे पत्र वाचलंस की नीघ. मी खुर्चीवर बसेन. तिच्याशी काही बोलायचं असेल तर आधी बोलून घे, पोटभर बोल, रडायचं असेल तर रड, मी मध्ये येणार नाही. आणि मग ओटी भर आणि तिला 'या आता' म्हण. मला माझ्या घरी यायचंय ग.

तुझीच,
अजून तरी पूर्णिमा