सीलांची खरी जागा

मी, जानिलसिन, दिवंगत तुलेगेन यांची पत्नी, वय एकाहत्तर, टपाल कचेरीतून निवृत्त, राहणार केंदिरली आखाताकाठी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे, कारण माझ्या मुलाला शंका घ्यायची सवय आहे. ती त्याने माझ्याकडूनच घेतली.

१. राहते घर, अंगण व मागचा उंटांचा गोठा माझा एकुलता मुलगा एसबोल यास मिळावा. तो माझा मुलगा आहे. याखेरीज दुसरे कारण शोधू नये.

२. चांदीच्या बांगड्या सूनबाईस. त्या तिच्याच हातात द्याव्यात, तिच्या नवऱ्याच्या नव्हे.

३. दुर्बीण व तिपाई. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

नवरा गेल्यावर मी किनाऱ्यावर जाऊन समुद्रातले सील प्राणी मोजू लागले. कोणी सांगितले नव्हते. लोक म्हणत, "पोस्टातली तिकिटं संपली, आता म्हातारी सील मोजते." वसंतात आणि शरदात सील वाळूच्या दांड्यांवर अंग टाकतात. ओले काळे दिसतात, वाळले की वाळूच्याच रंगाचे होतात. घाई करणाऱ्याला निम्मेच दिसतात. एका वसंतात दांड्यावर रक्त आणि सोललेली धडे सापडली. सीलाची चरबी खोकल्यावर औषध म्हणून बाजारात विकली जाते, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. तो दांडा मात्र माझ्याखेरीज दोघांनाच ठाऊक होता: एसबोल आणि माझा धाकटा दीर सांसिझबाय.

माझा संशय दिरावर होता. त्याच्या होडीला चरबीचा वास येई. नवऱ्याची मोटारसायकल नेली ती त्याने परत केली नाही. त्याच्या नावाचा अर्थ 'अगणित', आणि रोज विचारायचा, "वहिनी, आज किती?" त्याला आकडा कशाला हवा, असे मला वाटे.

उरलेले सील दुसरीकडे गेले. ती जागा मी शोधली आणि दोघांनाही खोटी सांगितली. दिराला उत्तरेचा दांडा, मुलाला काळ्या खडकामागची वाळू. दोन्ही दिसतील अशा कड्यावर मी दुर्बीण लावून बसले.

दीर पायी आला, हातात बौर्साकांचे, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचे, गाठोडे. ते खात रिकाम्या वाळूकडे बराच वेळ बघत बसला. मग थेट माझ्या दारात.

"वहिनी, खोटं सांगितलंत. एकही नव्हता."

"असते तर काय करणार होतास?"

"काय करणार? बघणार होतो. दादा सांगायचा, माणसासारखी जांभई देतात म्हणून."

"आणि होडीला वास कसला येतो?"

"जुनी होडी आहे वहिनी. मलाही येतो."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी काळ्या खडकामागे दोन होड्या आल्या, इंजिन बंद ठेवून, वल्ही मारत. माणसांच्या हातात सोटे होते. पुढच्या होडीत उभा राहून दिशा दाखवणारा एसबोल होता. मी काच पुसून पुन्हा पाहिले. दुर्बीण उत्तम आहे.

तो जेवायला घरी आला. मी मांस वाढले.

"आई, हल्ली तुझी मोजणी चुकते."

"चुकत असेल. अजून थोडं घे."

यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तरी दुर्बीण व तिपाई सांसिझबायला द्यावी. खरी जागा त्याला तोंडी सांगितली आहे. पूर्ण विश्वास ठेवून नव्हे; आम्ही दोघे जातो तेव्हा मी सीलांइतकीच त्याच्याकडेही नजर ठेवते. तो फार हळू मोजतो आणि मोजताना कुजबुजतो. मोटारसायकल त्यानेच ठेवावी.

४. एसबोलने काकाला ती जागा विचारू नये, त्याच्या मागावर जाऊ नये. गेल्यास घर सूनबाईच्या नावे व्हावे. हे तिला सांगितले तेव्हा तिने कारण विचारले नाही. चहा करायला उठली.

५. माझ्या कबरीवर पहिली माती एसबोलने टाकावी. तोपर्यंत हे कागद त्याला वाचून दाखवू नयेत.

साक्षीदारांसमोर वाचून, समजून सही केली. सांसिझबायला त्या वेळी बाहेर बसवले होते. तो खिडकीजवळ उभा राहिला.

जानिलसिन (सही)

साक्षीदार: रायखान, शेजारीण (सही)
काबिबुल्ला, मशिदीचे इमाम (सही)

केंदिरली, मंगीस्ताऊ प्रांत
१२ मे २०१७